ठेवा आणि ठिकाण



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय 'ब्रह्मपुरीचे उत्खनन' असा छापलेला आहे. विषय आम्ही बदललेला नाही. मात्र त्या विषयापाशी यंदा आम्ही ग्रंथालयाच्या वाटेने गेलो नाही. एका तेरा वर्षांच्या मुलाच्या मागून, घाम पुशीत, पायी गेलो. आणि ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने आपल्याला नेणे प्रामाणिकपणाचे होईल असे वाटते.

गेल्या वर्षी मे महिन्यात चार दिवस विश्रांतीसाठी म्हणून आम्ही आक्काकडे, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीकडे, मंगळवार पेठेत येऊन राहिलो होतो. आक्काची मुलगी जर्मनीत असते. तीही मुलाला घेऊन सुटीसाठी आली होती. हा मुलगा मराठी चांगले बोलतो. फक्त 'ळ' म्हणताना जरा थांबतो. पहिल्याच रात्री जेवताना त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही जिओकॅशिंग करता का?" आम्ही काही बोलण्याच्या आत आक्का म्हणाली, "कॅश म्हणजे पैसे रे? पैसे लपवून ठेवतात की काय हल्ली?"

पैशांशी या शब्दाचा संबंध नाही. तो फ्रेंच भाषेतून आलेला असून त्याचा अर्थ लपवलेला ठेवा. खेळ असा, की एकाने कुठेतरी एक डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. दुसऱ्याने ते आकडे हातात घेऊन शोधत जायचे. डबा सापडला की आतल्या वहीत आपले नाव व तारीख लिहायची, आणि डबा होता तसा, होता तिथे परत ठेवायचा. आतली एखादी वस्तू उचलावीशी वाटली तर तोलामोलाची दुसरी वस्तू ठेवायची. डबा जमिनीत पुरायचा नाही आणि शोधणाराने खणायचे नाही, असाही एक नियम आहे. हा शेवटचा नियम ऐकून आम्ही जरा चपापलो. का, ते पुढे सांगू.

या खेळाला जन्मतारीख आहे. आकाशात सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे काही उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात व आपापल्या घड्याळातील वेळ सतत सांगत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश आपल्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला, यावरून आपण कुठे उभे आहोत हे हातातले यंत्र काढते. काळाचे हे माप फार बारीक आहे. सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तर अंतर ३०० मीटरांनी हुकते. ही सोय मुळात लष्करासाठी होती. इतरेजनांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे शंभरेक मीटरांचा घोळ राहत असे. १ मे २००० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी ती मिसळ थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने जंगलात एक बादली ठेवली, तीत वही-पेन्सिल व काही किरकोळ वस्तू घातल्या आणि जागेचे आकडे जगाला कळवले. आज असे ठेवे जगभर तीस लाखांच्या वर आहेत. इंग्रज लोक म्हणतील की यात नवे काही नाही. डार्टमूरच्या ओसाड माळावर क्रॅनमियर पूल नावाच्या जागी जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली एक बाटली ठेवली होती, आणि तिथवर चालत जाणारे लोक तीत आपली नावाची चिठ्ठी टाकून येत. ते खरेच आहे. पण तिथे वाट दाखवणारा माणूस लागे, इथे आकडा पुरतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईला बरोबर घेऊन मुलाने एक डबा कुठेतरी ठेवला आणि रात्री आमच्या हातात चिठ्ठी दिली. उत्तर अक्षांश १६ अंश ४२ मिनिटे, पूर्व रेखांश ७४ अंश १३ मिनिटे, आणि दोन्हींच्या पुढे सेकंदांचे आकडे. "उद्या तुम्ही शोधायचे. मी सांगणार नाही."

अक्षांशातले एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १,८५० मीटर, आणि एक सेकंद म्हणजे एकतीस मीटर. म्हणजे मिनिटापाशी थांबलो तर निम्मे शहर शोधावे लागेल; सेकंद धरला तर एक वाडा. सकाळी सात वाजता छत्री घेऊन आम्ही निघालो. मुलगा दहा पावले मागे, परीक्षकासारखा.

महाद्वार रोडवरून जाताना सहज देवळाकडे हात जोडले आणि मनात आले, की आपल्या शहराला लपवण्या-शोधण्याचा हा खेळ काही नवा नाही. आदिलशाहीच्या काळात अंबाबाईची मूर्ती देवळातून हलवून गुप्त ठेवली होती व अठराव्या शतकाच्या आरंभी ती पुन्हा स्थापन झाली, असे परंपरा सांगते. ती परत आली याचा अर्थ, जागा ठाऊक असलेले कोणीतरी मध्यंतरी पिढ्यानपिढ्या गावात होते. त्यांनी ती चिठ्ठीवर लिहिली नव्हती. तोंडीच जपली होती. मुलाला हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, "आणि ते सगळे मेले असते तर?"

पापाची तिकटी आली. इथे आम्हांला आणखी एक गृहस्थ आठवले. ते कोल्हापूरचे नव्हेत, अलेक्झांड्रियाचे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास टॉलेमीने भूगोलाचा ग्रंथ रचला आणि त्या काळी माहीत असलेल्या हजारो ठिकाणांचे अक्षांश-रेखांश त्यात नोंदवले. डब्याच्या खेळाचा मूळ पुरुष कोणाला म्हणावयाचेच असेल तर याला म्हणावे. त्याच्या यादीत आपल्या दख्खनची गावे आहेत. पैठण आहे, आणि तिथे पुळुमावीचे राज्य असल्याचा उल्लेख आहे. हिप्पोकूरा नावाचे एक नगर आहे, आणि तिथला राजा बालेओकूरोस असे म्हटले आहे. हा बालेओकूरोस म्हणजे कोल्हापूरच्या नाण्यांवरचा विळिवायकुर, असे रा. गो. भांडारकरांनी एकोणिसाव्या शतकात सुचवले. मग हिप्पोकूरा म्हणजे कोल्हापूरच का? नाव जुळवणारे जुळवतात, न जुळवणारे दुसरीकडे नेतात. आपण म्हणाल, आकडे आहेत ना, त्या जागी जाऊन पाहावे! तेच तर होत नाही. टॉलेमी इथे कधी आला नाही. खलाशांच्या व व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून त्याने दिवसांच्या मजला मोजल्या, पृथ्वी आहे त्याहून लहान धरली, आणि आपले अख्खे द्वीपकल्प इतके चेपले की नकाशावर पश्चिम किनारा दक्षिणेकडे जायचा तो पूर्वेकडे धावतो. अशा नकाशावरचा आकडा घेऊन कोणी शोधायला निघाला तर त्याचा डबा समुद्रातच सापडायचा. आकडा लिहिणे वेगळे आणि जागेवर उभे राहून मोजणे वेगळे. ते मोजणे या देशात पुष्कळ उशिरा झाले. लँबटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणामागून त्रिकोण उत्तरेकडे नेले, आणि ते काम चालू असतानाच १८२३ साली तो हिंगणघाटास वारला. त्याची कबरही तिथेच आहे.

गंगावेशीवरून आम्ही पंचगंगेच्या घाटाला लागलो. हातातल्या फोनवरचा बाण आता दर चार पावलांना दिशा बदलू लागला. सेकंदाचा आकडा जुळला, पण तिथे काही नव्हते. एक पायरी, एक झाड आणि एक कुत्रे. आम्ही वाकून दगडांच्या मागे पाहत होतो. एक म्हातारेबुवा आंघोळ आटपून धोतर पिळीत होते. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि शेवटी विचारले, "पावनं, काय पडलं म्हणायचं?"

"डबा," आम्ही म्हणालो.

"चांदीचा हाय व्हय?"

प्लॅस्टिकचा आहे व पडलेला नसून मुद्दाम ठेवलेला आहे, हे सांगितल्यावर त्यांनी आमच्याकडे जे पाहिले ते आम्ही जन्मात विसरणार नाही. तरीही डबा त्यांनीच दाखवला. काल तिन्हीसांजेला एक पोरगे झाडाच्या मुळात काही खुपसत होते, हे त्यांनी पाहिले होते. उपग्रहाने घाटापर्यंत आणले. शेवटची दहा पावले गावच्या माणसाने नेली. मुलाने हा शोध नियमबाह्य ठरवला. वादावादी करून आम्ही वहीत सही केली. वही कोरी होती, आमचे नाव पहिले लागले, आणि खोटे कशाला सांगावे, आनंद झाला.

तिथून शिवाजी पुलाच्या अंगाला जी चढण दिसते तीच ब्रह्मपुरी. आपण कोल्हापूरकर रोज तिच्यावरून जातो. आज तिथे दाट वस्ती आहे आणि चढ पायांना कळतो तेवढाच. या टेकडीच्या पोटात दोन हजार वर्षांमागचे एक नगर होते, हे आधी विद्वानांनी नव्हे तर माती काढणारांनी शोधले. १८७७ साली इथे शिशाच्या नाण्यांचा साठा मिळाला. एका बाजूस चैत्य, दुसऱ्या बाजूस ताणलेले धनुष्यबाण आणि भोवती ब्राह्मी अक्षरे. नावे तीन : वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर आणि गोतमिपुत विळिवायकुर. यांचा इतिहास सांगणारी एकही पोथी नाही, तरी कोण आधी व कोण नंतर हे आपल्याला ठाऊक आहे. कारण नंतरच्याने आधीच्याची नाणी घेऊन त्यांवरच आपला ठसा मारला. वासिठीपुताच्या नाण्यावर माढरिपुताचा ठसा आढळतो, आणि दोघांच्याही नाण्यांवर गोतमिपुताचा. एकाच वहीत तिघांनी एकमेकांच्या नावांवर सह्या कराव्यात तसे हे झाले.

एकोणिसाव्या शतकातच शहरातल्या एका स्तूपातून दगडी पेटी निघाली. तिच्यावर दोन लहानशा ओळी आहेत. हे दान ब्रह्म नावाच्या माणसाचे आणि ते करविले धम्मगुत्ताने, एवढाच मजकूर. अक्षरांच्या वळणावरून ती इसवी सनापूर्वीची ठरते. आपल्या शहरात नाव लिहून ठेवा ठेवणारे हे आम्हांला माहीत असलेले सर्वांत जुने दोघे. ठेवा बुद्धाच्या अवशेषांसाठी होता, कोणी तो शोधून काढावा म्हणून नव्हे; तरी नाव लिहिण्याचा मोह, किंवा धर्म म्हणा, त्यांनाही आवरला नाही.

पण ब्रह्मपुरीचे नाव जगभर गेले ते १९४४-४५ च्या सुमारास. राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदणगार यांचे लक्ष या टेकडीकडे लागलेले होते, आणि त्याच सुमारास एका जुन्या घराच्या अवशेषांत धातूच्या वस्तूंचा मोठा संच हाती आला. पंडितांच्या लेखनात त्या संचाला कुंदणगारांचेच नाव चिकटले आहे. त्यात हत्ती व त्यावर बसलेली माणसे होती, गाडा होता, भांडी, आरसा, आणि पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्रापासून सह्याद्रीच्या पलीकडे, पंचगंगेच्या काठी, समुद्राचा देव! १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे डॉ. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी इथे रीतसर उत्खनन केले आणि १९५२ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. वरच्या थरांत बहामनी काळातली वस्ती, काचेच्या बांगड्यांचे तुकडे. खाली सातवाहनकाळातली विटांची घरे.

सांकलियांनी खणण्याची रीत व्हीलर या इंग्रज पुरातत्त्वज्ञाच्या हाताखाली मेडन कॅसलच्या उत्खननात पाहिली होती. तेच व्हीलर १९४४ मध्ये आपल्याकडे पुरातत्त्व खात्याचे प्रमुख म्हणून आले आणि १९४५ साली पाँडिचेरीजवळ अरिकामेडू इथे रोमन व्यापाराचे ठाणे खणू लागले. त्यांच्या रीतीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : वस्तू उचलण्याआधी तिची तीन मापे लिहा, चराच्या लांबीत कुठे, रुंदीत कुठे, खोलीत कुठे, आणि ती कोणत्या थरात होती ते लिहा. मग खुशाल उचला. कारण थर एकदाच उलगडता येतो. पुस्तक वाचताना प्रत्येक पान फाडून टाकावे लागले तर माणूस टिपणे किती काळजीने काढील, तशी ही काळजी.

आता अडचण ध्यानात येईल. पोसायडनचा संच या पद्धतशीर उत्खननाच्या आधी निघालेला. त्यामुळे त्यातील वस्तूंचा काळ आणि मूळ ठरवताना घडणीच्या शैलीवरच फार भार पडतो. कार्ल खंडालावाला यांनी १९६० मध्ये या धातूकामाचा स्वतंत्र विचार मांडला. पुढे डी प्युमा या अमेरिकन पंडिताने रोमन बनावटीचे नेमके कोणते आणि इथले कोणते याची छाननी केली. पोसायडन पश्चिमेकडून आला याबद्दल वाद नाही. वाद इतर वस्तूंबद्दल आहे, आणि शैलीवरून चाललेला वाद कधी पुरता मिटत नाही, हे आपल्याला आपल्या वाङ्मयातही ठाऊक आहे.

दुपारी टाउन हॉलमध्ये गेलो. १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिलेली, मेजर मँटच्या आराखड्याची ही इमारत आपल्या परिचयाची आहे. ब्रह्मपुरीत निघालेल्या वस्तूंना घर हवे म्हणूनच १९४६ च्या सुमारास कोल्हापुरात वस्तुसंग्रहालय निघाले, आणि पुढे ते या इमारतीत आले. पोसायडन वीतभरही उंच नाही. हातातले आयुध काळाने नेले आहे. पण उभे राहण्याचा डौल पाहावा! मुलगा काचेला नाक लावून बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "आजोबा, हा कोणीतरी लपवला होता का?"

आम्ही सांगितले की तसे वाटते खरे. चांगल्या वस्तू एकत्र ठेवलेल्या, नंतर घर पडलेले, मालक परत आलेला नाही.

"म्हणजे त्याने कोणाला आकडे दिले नव्हते."

रात्री घरी आल्यावर आक्काने माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढला. "शोधाशोध चालली आहे तर हेही घेऊन जा. साठ-पासष्ट वर्षे तुझा हा कचरा मी सांभाळते आहे." गोळ्या, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, एक मोडका भोवरा, आणि तळाशी काळपट, जड, वाकडातिकडा एक चकतीसारखा तुकडा. तो काय आहे हे आम्हांला ठाऊक होते. चाळीस वर्षे ठाऊक होते, आणि म्हणूनच आम्ही तो डबा कधी मागितला नव्हता.

१९५८ साली आम्ही दहा वर्षांचे होतो. पाऊस उघडला की आम्ही पोरे ब्रह्मपुरीच्या उतारावर जात असू. पावसाने माती धुतली की बांगड्यांचे रंगीत तुकडे वर येत. ते आम्ही गोळा करीत असू, आणि पुष्कळदा नुसते गोळा करीत नसू. हातात खिळा असे. तसाच एके दिवशी हा तुकडा निघाला. शिसे म्हणून गोफणीला उपयोगी पडेल या विचाराने घरी आणला. पुढे इतिहास शिकलो, धनुष्यबाणाची नाणी पुस्तकात पाहिली, तेव्हा छातीत धस्स झाले. १८७८ सालापासून या देशात कायदा आहे की दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडला तर तो सरकारला कळवावा. एका शिशाच्या नाण्याचे मोल त्या वेळी दहा रुपये होते की नाही, असा वकिली विचार आम्ही बरीच वर्षे मनाशी घोळवला. व्याख्याने देत राहिलो. थराविना वस्तू मुकी, हे वाक्य आम्ही याच व्यासपीठावरून पूर्वी एकदा म्हटल्याचे आपल्यापैकी काहींना आठवत असेल. त्या दिवशीही हा तुकडा आक्काच्या माळ्यावर होता.

मुलाने तो दिव्याखाली धरला. धनुष्य दिसते, बाण अर्धा दिसतो, अक्षरे झिजली आहेत. त्याने आपली वही उघडली. "सांगा. कुठे सापडले?"

"ब्रह्मपुरीवर."

"ब्रह्मपुरी मोठी आहे. कुठे?"

आम्ही डोळे मिटून उतार आठवू लागलो. एक बाभळ होती. एक पडकी भिंत. नदी डाव्या हाताला की उजव्या? सकाळी त्याच टेकडीवर तासभर फिरलो होतो, पण ती बाभळ नाही, भिंत नाही, उतारही तो नाही. "किती खोल?" दहा वर्षांच्या मुलाच्या हाताएवढे, असे उत्तर दिले. त्याने ते तसेच लिहिले. तारखेच्या जागी १९५८ लिहिले, शोधणाऱ्याच्या जागी आमचे नाव लिहिले, आणि आकड्यांची जागा मोकळी ठेवून आमच्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही. आक्काच म्हणाली, "बरोबर कोण कोण होते, त्यांना विचार की."

बरोबर चौघे होते. दोघे गेले. एकाचा पत्ता लागत नाही. चौथ्यांना पुण्यात गाठले. त्यांना बांगड्या आठवतात, बाभळही आठवते, पण ती पुलाच्या बाजूची की घाटाच्या, याबद्दल त्यांचे आणि आमचे जमत नाही.

आता विनंती एवढीच. नाणे आम्ही बरोबर आणले आहे, ते इथे टेबलावर आहे. उद्या सकाळी ते टाउन हॉलमध्ये नेऊन द्यायचे आहे, आणि त्याबरोबर द्यायच्या कागदावर जागेचा रकाना अजून रिकामा आहे. १९५८ च्या आगेमागे शुक्रवार पेठेत किंवा गंगावेशीत ज्यांचे बालपण गेले असे कोणी श्रोत्यांत असतील, त्यांनी व्याख्यान संपल्यावर कृपया थांबावे. ब्रह्मपुरीच्या उतारावरची ती बाभळ कोणाला आठवत असेल तर मुलाने जर्मनीहून पाठवलेला नकाशा आमच्या पिशवीत आहे, पेन्सिलही आहे.